बारा पोस्टकार्डांची फट

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू कापली, आणि उरलेलं सगळं आयुष्य ती सांधण्यात घालवलं. कापायला त्यांना एक दुपार लागली होती. सांधायला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि अजून परवा मी निपाणीला गेलो तेव्हाही ते गाडीखाली उताणे पडलेले होते, पाय तेवढे बाहेर. त्या पायांना नमस्कार करायची आमच्या घराण्यात आता रीतच पडलीय. माझी मुलगी लग्न होऊन जावयासह पहिल्यांदा पाया पडायला गेली, तेव्हा दोघांनाही मी त्या पायांपुढंच वाकायला लावलं. आतून आवाज आला, "सुखात र्‍हावा. जरा तो सोळाचा पाना द्या बगू." आमचा जावई बँकेतला. सोळाचा पाना म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं समोर पडलेली सगळी लोखंडं एकेक करून आत सरकवली, आणि दाजींनी ती एकेक करून बाहेर ढकलली. अर्धा तास हा सत्कार चालला होता.

आमच्या हिची थोरली बहीण म्हणजे आक्का, आणि आक्काचे यजमान म्हणून ते दाजी. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार आहे, वाडवडिलांपासूनची. हल्ली भाड्यानं दिलेली. वखारीच्या पुढं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती गाडी. मला ते 'पावणं' म्हणतात. मी बेळगावला पोस्टात पस्तीस वर्षं खिडकीमागं काढली, अनगोळला घर बांधलं, निवृत्त झालो, गुडघे बोलायला लागले, तरी मी त्यांचा पावणाच. त्या गाडीपायी त्यांनी मला जेवढं राबवलंय तेवढं सरकारनंही राबवलं नाही, पण ते असो.

तर ती गाडी. दाजींच्या वडिलांनी ती सांगलीकडच्या एका वकिलाकडून घेतलेली: दोन दारांची, मोरपंखी रंगाची, चांगली धडधाकट बंद गाडी. तेवढ्यात दाजींचं लग्न ठरलं. आक्का चिकोडीजवळच्या खेड्यातली. बघायच्या कार्यक्रमात तिनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही, त्यामुळं दाजींना तिचा भांग तेवढा दिसला. भांग सरळ होता, एवढ्यावर त्यांनी होकार दिला. पण मनात रुखरुख राहिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीनं तवंदीच्या घाटातल्या देवाला जाऊन पाया पडायचं, ही त्यांच्या घरची पद्धत. बंद गाडीत, अंधारात, शालूत गुरफटलेली नवरी आपल्याला दिसणार कधी आणि गावाला दिसणार कधी, या काळजीनं दाजींची झोप उडाली. वडील बाजाराला गेलेले बघून त्यांनी लोखंड कापायची करवत घेतली आणि संध्याकाळपर्यंत गाडीचं छप्पर उतरवून ठेवलं. वडील आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग एवढंच म्हणाले, "पाऊस आला म्हंजे?" आणि हातपाय धुवायला गेले.

पावसाचं काही नव्हतं हो. पण छप्पर म्हणजे नुसती सावली नसते, हे ना वडिलांना ठाऊक ना लेकाला. बंद गाडीला ताठ धरतं ते तिचं छप्परच. ते काढलं की माणसं बसल्याबरोबर गाडी मधोमध खचते. चौकट खचली की दार अडकतं, घराचं अडकतं तसंच. दाजींनी छप्पर उतरवून गाडी अंगणात उभी केली तेव्हा ती रिकामी होती. दारं छान उघडत होती, छान लागत होती. आजूबाजूच्या चार लोकांनी येऊन वाहवाही केली.

आमची ही तेव्हा सतरा वर्षांची, करवली म्हणून मागच्या सीटवर बसलेली. त्यामुळं पुढचं सगळं मी घरबसल्या निदान दोनशे वेळा ऐकलेलं आहे. गाडीत सातजण. दाजी स्वतः चालवायला, शेजारी आक्का, मागं करवल्या आणि दोन मावश्या. निपाणीतून निघाले तेव्हा लोक दारादारांत उभे राहून बघत होते, आणि दाजींना वाटलं, जिंकलं. घाट सुरू झाला. निम्म्या चढावर इंजिननं धापा टाकल्या आणि मान टाकली. मागची मंडळी कडेवरून टुणकन उड्या मारून उतरली. आक्का उतरेना, कारण दार उघडेना. दाजींनी बाहेरून ओढलं, मावश्यांनी पुन्हा आत चढून लाथा घातल्या, दार ढिम्म. तेवढ्यात मागं एसटी येऊन उभी राहिली. एसटीतले लोक मोठे मदतीला तत्पर. तीस-पस्तीस परकी माणसं उतरली आणि 'हुप्प' करत गाडी ढकलायला लागली, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध नऊवारी शालूतली नवरी, मुंडावळ्यांच्या खुणा अजून कपाळावर, एकटी बसून घाट चढतेय. वर पोचल्यावर चहाच्या गाड्यावरचं स्टूल आणून लावलं, आणि सगळ्या एसटीच्या साक्षीनं आक्का दारावरून पाय टाकून खाली उतरली.

नवरीनं लग्नानंतर नवऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य तिथं, त्या स्टुलाशेजारी झालं. "ही गाडी कुणी न ढकलता घाट चढंल, आन् वर माझं दार माझ्या हातानं उघडंल, तवा बसंन." देवाच्या पाया पडली आणि परत येताना ती एसटीनं आली. दाजी एसटीच्या मागोमाग मोकळी गाडी घेऊन. मागच्या काचेतून ती दिसते का बघत बघत आले म्हणे, पण ती पुढं बसली होती.

दुसरा एखादा असता तर गाडी विकून मोकळा झाला असता, आणि बायकोही विसरली असती. पण दाजी पडले दाजी. त्यांनी ते वाक्य सरकारी आदेशासारखं मनावर घेतलं. पहिली अट इंजिनची, म्हणून त्यांनी जुन्या जीपचं इंजिन आणून बसवलं. इंजिन दांडगं, गाडी मणक्यात अधू. जोर दिला की सगळं अंग पिळवटायचं, पुढची काच थरथरायची आणि एकदा संकेश्वरच्या बाजारात ती आपणहून तडकली. मग अंगात बळ यावं म्हणून दाजींनी दाराखालच्या पट्टीत, तिला ते उंबरा म्हणतात, उसाच्या ट्रॉलीचं लोखंड घातलं. अंग ताठ झालं, पण गाडी एवढी जड झाली की जीपच्या इंजिनलाही ओढेना. म्हणून मग टेम्पोचं इंजिन. त्यानं पुन्हा पिळवटायला लागली, म्हणून पुन्हा लोखंड. असं इंजिन-लोखंड, लोखंड-इंजिन करत एकोणतीस वर्षं गेली. या दरम्यान त्यांना मुलगी झाली, ती शाळेत गेली, इंजिनिअर झाली, तिचं लग्न झालं. लग्नाला वरात नव्हती. मुलीनं आधीच बजावून ठेवलं होतं. शेवटी कुठंतरी दाजींच्या ध्यानात आलं की नुसतं लोखंड घालून भागत नाही, ते कुठं घालायचं हे कळायला पाहिजे. मग त्यांनी जाड पट्ट्या काढून टाकल्या, उंबऱ्यात पातळ पत्र्याची बंद पेटी केली, गाडीच्या पोटाखाली कैचीसारख्या दोन आडव्या दांड्या घातल्या आणि मागच्या सीटमागं एक आडवी भिंत उभी केली. हे सगळं ते मला पाटावर रांगोळीनं काढून दाखवायचे, आणि मी पोहे खात मान हलवायचो.

या गाडीपायी त्यांना दारांचं वेड लागलं. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची दोनदा उघडझाप करतात, वरच्या फटीला डोळा लावतात, मग आत येऊन बसतात. एकदा आमच्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही गडहिंग्लजला गेलतो. घर मोठं, माणसं गोड. बोलणी रंगात आली आणि दाजी जागेवर नाहीत. बघतो तर न्हाणीघराच्या दाराशी उकिडवे बसलेले. येऊन माझ्या कानात म्हणाले, "पावणं, ह्या घराचा उगवतीचा कोपरा बसतोय." मी डोळे वटारले. लग्न झालं, भाची सुखात आहे. पण दुसऱ्या पावसाळ्यात त्या घराची उगवतीकडची भिंत निम्मी खाली आली, आणि भाचीच्या सासऱ्यांनी आपणहून फोन करून दाजींना विचारलं, बाकीचे तीन कोपरे कसे आहेत म्हणून. तेव्हापासून पाहुण्यांत त्यांना मान फार. मला मात्र कुठंही त्यांच्याबरोबर जायची धास्ती वाटते.

या धास्तीला कारण आहे, आणि ते कोगनोळीला घडलं. आठ वर्षं झाली असतील. दाजींनी सगळी नवी जोडणी पुरी केली, दारं अशी लागली की त्यांनी पेढे वाटले, आणि पहिला मान म्हणून मला शेजारी बसवून कोल्हापूरला घेऊन निघाले. निवडणुकीचे दिवस होते. कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी चाललेली. पोलिसानं हात केला. "इळीरी," म्हणाला, म्हणजे उतरा. दाजी कडेवरून उडी मारून उतरले, त्यांना सवय आहे. मी दार ओढलं. दार हललंसुद्धा नाही. पोलीस पुन्हा म्हणाला, इळीरी. मी कन्नडमध्ये, मराठीत आणि शेवटी हिंदीत सांगितलं की माझी उतरायला ना नाही. त्यानं गाडीचे कागद बघितले. कागदावर गाडीला छप्पर आहे. "रूफ एल्ली?" त्यानं विचारलं, म्हणजे छप्पर कुठंय. दाजी शांतपणे म्हणाले, "मनेल्ली ऐती." घरी आहे. ते खरंही आहे. ते छप्पर मागच्या परसात आक्काच्या धुण्याच्या दगडावर सावलीला लावलेलं आहे. पोलीस भला होता, हसायला लागला. पण मला त्यानं आणि दाजींनी मिळून काखेत धरून उचलून काढलं, आणि त्यात माझी नवीन पँट कुठून कुठपर्यंत फाटली हे मी इथं लिहिणार नाही. कोल्हापूरला मी टॉवेल गुंडाळून गेलो.

चूक काय झाली ते दाजींना घरी पोचायच्या आत कळलं होतं. त्यांनी सगळी जोडणी गाडी दगडांवर उचलून, रिकामी ठेवून केली होती. गाडी रिकामी असताना दारं बसवली. माणूस बसला की पुन्हा तेच. "रिकामी सांधून उपेग न्हाय, पावणं," ते म्हणाले. "भरल्याली सांधाय पायजे." म्हणजे गाडी चाकांवर उभी, सीटांवर बसणाऱ्यांचं बरोबर वजन, आणि मग पत्रा सांधायचा. झालं. वखारीतला तंबाखू तोलायचा जुना काटा ओसरीवर आला, आणि निपाणीला जाणारा येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी त्याच्यावर चढायला लागला. माझं वजन दाजींना पाठ आहे. आमच्या हिचंही पाठ आहे, जे मला लग्नानंतर आजतागायत कळलेलं नाही. पण ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप, ते माणूस काही काट्यावर चढेना. दाजींनी गोडीनं सांगितलं, रुसून सांगितलं. आक्का म्हणायची, "मी काय तंबाखू हाय?"

आणि मग आक्का पुण्याला गेली. मुलीचं बाळंतपण. तीन महिन्यांसाठी. जायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी, आणि आक्का हातात पिशवी घेऊन ओसरीवर आली ती थेट काट्यावर चढली. "बगून घ्या. परत इचारायचं न्हाय." दाजींनी बघितलं. रिक्षा वळणावरून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पिशवीसकट वजन झालंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला. बाळंतीण बरी आहे का, हे विचारायच्या आधी विचारलं, पिशवीत काय काय होतं. शेवया, शेंगदाण्याची चटणी, दोन लुगडी, बाळाची दुपटी. तेवढं सगळं त्यांनी घरात गोळा केलं, तशाच पिशवीत भरलं, तोललं आणि वजा केलं. एकोणसाठ किलो आलं. गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर बरोबर एकोणसाठ किलो जोंधळ्याचं पोतं बसलं. तंबाखूचं नाही बसवलं, कारण आक्काला तंबाखूचा वास सोसत नाही.

तीन महिन्यांची सात वर्षं झाली. एक नातू झाला, तो चालायला लागला तोवर नात झाली. मुलगी नोकरीवर, जावई नोकरीवर, आक्का नवव्या मजल्यावर. दाजी दोनदा जाऊन आले. मी विचारलं, कसं काय घर? म्हणाले, "दारं एक नंबर. वर-खाली सारखी फट. पण दिवसभर उघडतंय कोण?" तिसऱ्या दिवशी परत यायचे, पोत्याला उंदीर लागतील, असं सांगायचे. रोज संध्याकाळी सातला आक्काचा फोन येतो. ती दोनच प्रश्न विचारते. जेवला का, आणि दार उघडतंय का. "उघडतंय की," दाजी सांगतात. "पोत्याला उघडतंय." मग फोन बंद होतो.

आता यात मी कुठं आलो, तर पोस्टकार्डांत. दाराची फट मोजायला दाजींना काहीतरी सारख्या जाडीचं हवं होतं, आणि एकदा माझ्या खिशात कार्डं होती, एवढाच माझा गुन्हा. बारा कार्डं दोऱ्यानं बांधली की त्यांची जुडी दाराच्या मागच्या कडेला वरच्या फटीत घट्ट बसली पाहिजे आणि खालच्या फटीतही घट्ट बसली पाहिजे. मग ते दार घाटात काय, डोंगरावरही उघडेल. गाडी खचली की वरची फट बारीक होते, अकराच कार्डं जातात. भार कमी झाला की फट वाढते, तेरावं जातं. दाजी आता इंच-मिलिमीटर विसरलेत, सगळं कार्डांत सांगतात. एका भाद्रपदात त्यांचा फोन आला की फट अर्ध्या कार्डानं वाढलीय. उंबरा बघितला, कैची बघितली, काही सापडेना. शेवटी पोतं उघडलं तर जोंधळ्याला किडा लागलेला, तीन किलो भुगा होऊन खाली सांडलेला. काट्याच्या आधी फटीनं सांगितलं, हे ते मला किती अभिमानानं सांगत होते. त्यांनी किडका जोंधळा काढून टाकला, त्या वर्षाचा नवा भरला, पुन्हा एकोणसाठ केला. कार्डंही दर पावसाळ्यात बदलावी लागतात, कारण दमट हवेत ती फुगतात.

अशीच कार्डं द्यायला मी गेल्या श्रावणात गेलतो. बसमध्ये उभं राहून आलो होतो, गुडघे ठणकत होते. दाजींनी चहा विचारायच्या आधी जुडी काढून फटीत सारली, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कार्डं लिहायला असतात हो दाजी. एवढी शेकड्यांनी कार्डं दिली तुम्हाला, एकावर तरी दोन ओळी खरडून बायकोला पाठवल्यात का? आणि म्हटलं, आक्काचं आता तिकडं बस्तान बसलंय. नातवंडं शाळेला गेली तरी ती आली नाही, ती आता यायची नाही. तुम्ही बसा पोत्याला फिरवत. बोलून गेलो, आणि जीभ चावली. दाजींनी जुडी हळूच बाहेर काढली, शर्टाला पुसली. म्हणाले, "ती येणार न्हाय म्हंता. मग रोज दाराचं कशाला इचारती, पावणं?" मी चहा न घेताच निघालो, आणि त्या दिवशी बेळगावपर्यंत मला स्वतःचाच राग येत राहिला.

यंदा संक्रांत झाल्यावर आक्काची मुलगी-जावई पोरांना घेऊन चार दिवस फिरायला गेले, आणि आक्का निपाणीला आली. आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. आमची ही स्टँडवर आक्काला मिठी मारून आली आणि दिवसभर गप्पच होती, एवढं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी पोतं उचलून ओसरीवर ठेवलं, सीट तीनदा पुसली, आणि आम्हा दोघांना काट्यावर चढवलं. हिनं बसायला उशी आणली होती, तीही तोलली. आक्काला म्हणाले, चढतीस? ती म्हणाली, एकदा सांगितलंय. थंडी होती, अंगात स्वेटर, वर शाल, अशी ती येऊन गाडीशी उभी राहिली. एक्केचाळीस वर्षांनी दाजींनी तिच्यासाठी ते दार उघडलं. ती बसली. दार लागलं, नीट लागलं.

तवंदीचा रस्ता आता केवढा तरी रुंद झालाय, एसटीवाले कुणासाठी थांबत नाहीत. पण चढ तो चढच. दाजींनी गिअर टाकला आणि गाडी निघाली ती एका दमात. टेम्पोचं इंजिन घुमत होतं, पण काच थरथरली नाही, अंग पिळवटलं नाही, आक्काच्या पायाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी तेवढं डुचमळत होतं. वाऱ्यानं आक्काचा पदर डोक्यावरून उडाला. तिनं धरला नाही. पांढऱ्या केसांत भांग तसाच सरळ. दाजी एकसारखे तिच्याकडं बघत होते, आणि शेवटी तीच म्हणाली, "रस्त्याकडं बगा." पण तिनं मान खाली घातली नाही. मागं बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रावणात काय बोललो होतो ते आठवून.

देवळाच्या वळणावर दाजींनी गाडी उभी केली. म्हणाले, कुणी हालायचं नाही. आता त्या दाराची मागची कड माझ्या हाताशी येते, म्हणून जुडी माझ्याकडं दिली. मी कडेवरून वाकलो आणि वरच्या फटीत कार्डं सारली. ती सुळकन गेली.

"सैल जातायत," मी म्हणालो.

दाजी म्हणाले, असं होणार नाही. सकाळी काट्यावर नीट उभा होतात ना? मी म्हटलं, होतो. उशी आहे ना खाली? आहे. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कोरं कार्ड काढून मागं दिलं. मी ते जुडीला लावलं. तेरा कार्डं फटीत घट्ट बसली. दाजींनी वळून त्या तेराव्या कार्डाकडं बघितलं, मग आक्काच्या मनगटाकडं बघितलं. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

"दार बराबर हाय गं," ते म्हणाले. "तूच कमी आलीयास."

आक्का म्हणाली, वय झालं आता, वाळायचंच. दाजी म्हणाले, "जोंधळ्याला किडा लागला तवा बी एवढं कमी न्हवतं झालं. तिकडं जेवतीस का न्हाय?" पोरांचे डबे, मुलीचा डबा, जावयाचा डबा, आणि मग सगळे गेल्यावर एकटीनं ताट वाढून घ्यायचं. ते तिनं नंतर आमच्या हिला सांगितलं. तिथं तिनं फक्त हात पुढं केला आणि दाराची कडी दाबली. दार उघडलं. एवढंसंच वाजलं, पेटीचं झाकण उघडल्यासारखं. ती रस्त्यावर उतरून उभी राहिली आणि म्हणाली, "उघडलं की वो." ज्या दारासाठी जन्म काढला त्या दाराकडं दाजी बघतच नव्हते.

येताना ती एसटीनं नाही आली. पण चार दिवस संपल्यावर पुण्याला गेली. नातीची शाळा होती. ही मला परतताना म्हणाली, स्टँडवर आक्काला मिठी मारली तेव्हाच ती किती वाळलीय ते मला कळलं होतं, पण म्हटलं काय बोलायचं. आठ-दहा दिवसांनी मी पुन्हा निपाणीला गेलो, काही काम नसताना. पोतं सीटवर परत बसलेलं. मी म्हटलं, दाजी, आता पोतं थोडं कमी करा की; तिच्या हल्लीच्या वजनाला दार जुळवून घ्या.

"न्हाय," ते म्हणाले. "एकोणसाठच र्‍हाऊ दे. दार तिला जुळवाय आता न्हाय जायचं."

निघताना त्यांनी गाडीखालून हात बाहेर काढून मला एक पोस्टकार्ड दिलं. तेच तेरावं, कडेला दाराच्या रंगाचा मोरपंखी ओरखडा होता. पत्ता पुण्याचा, नवव्या मजल्याचा, गिचमिड अक्षरात. मजकुराच्या जागी एकच ओळ होती. 'ह्या कार्डाएवढी भरून ये.'

आमच्या घराच्या कोपऱ्यावर लाल पेटी आहे. मी ते पेटीत टाकलं नाही. रिक्षा केली, माझ्या जुन्या ऑफिसात गेलो, माझ्याच खिडकीपुढं रांगेत उभा राहिलो आणि तिथल्या बाईंना म्हटलं, शिक्का माझ्यासमोर मारा. त्यांनी मारला. शाई वाळेपर्यंत मी तिथून हललो नाही.